प्रभावळकर, दिलीप

प्रभावळकर, दिलीप : (४ ऑगस्ट १९४४ – ). रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट या तिन्ही माध्यमांतील मराठी चरित्र अभिनेते व लेखक. सुरुवातीच्या काळात रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात त्यांनी चिंची चेटकीण रंगवली. घराघरांत पोचले ते मात्र मुंबई दूरदर्शनवरच्या चिमणरावामुळे. चि. वि. जोशींचा हा भिडस्त, भाबडा कारकून आणि बाळ कर्वे यांचा धिप्पाड गुंड्याभाऊ ही जोडी इतकी जमली, की १९७९ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला.

असा शिक्का एकदा बसला की नट त्यातच अडकतो. प्रभावळकर अडकले नाहीत. ‘चौकट राजा’ (१९९१) मधल्या नंदूचं शरीर वाढलंय, मन लहानपणीच थांबलंय. त्याचं हसू, अडखळतं बोलणं, बघण्यातला विश्वास, यांत कुठेही नक्कल नाही की कीव मागणं नाही. ‘नातीगोती’ नाटकात तर त्यांनी अशाच मुलाचा थकलेला बाप उभा केला. वेदना दोन्ही बाजूंनी इतकी समजून घेतलेला दुसरा नट सहज आठवत नाही. आणि ‘झपाटलेला’ (१९९३) मधला, मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरणारा गुंड तात्या विंचू? बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्यांचा. पण त्याआधीचा हाडामांसाचा तात्या प्रभावळकरांचा. पडद्यावर थोडाच वेळ असूनही एका पिढीला ‘ओम फट् स्वाहा’ तोंडपाठ आहे.

‘हसवाफसवी’ हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्यात सहा भूमिका केल्या. त्यांतले वृद्ध गायक-नट कृष्णराव हेरंबकर हे त्यांच्या कलेचं शिखर म्हणावं लागेल. मघापासून खदखदून हसणारं प्रेक्षागृह कृष्णरावांसमोर हळवं होऊन जाई. म्हातारपण दाखवायला काठी आणि खोकला लागत नाही, हे इथे दिसतं. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ मालिकेतले डायरी लिहिणारे आबा याच जातीचे. ही मालिका त्यांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनातून आली.

‘लगे रहो मुन्नाभाई’ (२००६) मधले गांधीजी आवाज चढवत नाहीत, उपदेशही करत नाहीत. मुन्नाच्या शेजारी बसून बोलतात. या भूमिकेसाठी आणि ‘शेवरी’साठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. वयाच्या ८१ व्या वर्षी आलेल्या ‘दशावतार’ (२०२५) मध्ये ते कोकणातले दशावतारी कलावंत बाबुली मेस्त्री झाले. बाबुलीची नजर अधू होत चालली आहे, मुलगा थांबा म्हणतो. तरी तोंडाला रंग लावायचं काही सुटत नाही.