शेजाऱ्याच्या घरातली शांतिसेना

सुएझच्या पेचप्रसंगात, १९५६ साली, संयुक्त राष्ट्रांनी पहिली सशस्त्र शांतिसेना उभी केली. तेव्हाचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांनी तिच्यासाठी एक पथ्य घालून दिले होते. सुरक्षा परिषदेच्या कायम सदस्यांचे सैनिक घ्यायचे नाहीत, आणि भूगोलामुळे किंवा अन्य कारणाने ज्यांचा त्या वादात हितसंबंध असू शकतो त्यांचेही नाहीत. त्यामुळे इजिप्तच्या सिनाईत पहारा द्यायला कॅनडा, भारत, ब्राझील, स्वीडन, युगोस्लाव्हिया अशा लांबच्या देशांचे जवान गेले. शेजारी नको, हा दंडक पुढे बराच काळ टिकला.

गंमत अशी की खुद्द संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचा कल उलटा आहे. तिचे आठवे प्रकरण म्हणते की स्थानिक तंटे आधी प्रादेशिक संघटनांनी मिटवावेत. मात्र बळाचा वापर करायचा तर सुरक्षा परिषदेची परवानगी हवी, अशी अट कलम ५३ मध्ये आहे. शेजारच्या बलाढ्य देशाने सैन्य पाठवायचे, की आधी न्यूयॉर्कहून मंजुरी आणायची? गेल्या साठ वर्षांतला बहुतेक वाद या अटीभोवतीच फिरतो.

शीतयुद्धात ही अट फारशी कोणी मनावर घेतली नाही. अमेरिकेने १९६५ च्या एप्रिलमध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात सैन्य उतरवले आणि मग मे महिन्यात अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेकडून त्याला ‘आंतर-अमेरिकी शांतिसेना’ असे नाव मिळवले. सेनापती ब्राझीलचा, सैनिक बहुतांश अमेरिकेचे. सीरियाचे लेबनॉनमध्ये तेच झाले. जून १९७६ मध्ये सीरियाचे रणगाडे आत शिरले, ऑक्टोबरमध्ये अरब लीगने त्यांना ‘अरब प्रतिबंधक दला’चा दर्जा दिला. सौदी, सुदानी वगैरे तुकड्या १९७९ पर्यंत परतल्या. सीरियाची फौज मात्र एप्रिल २००५ पर्यंत तिथेच होती, आणि तीही लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरिरी यांच्या हत्येनंतर लोक रस्त्यावर उतरले म्हणून निघाली. तात्पुरत्या शांतिसेनेने जवळजवळ तीन दशके मुक्काम ठोकला!

भारताचा अनुभव यापेक्षा वेगळा, पण कडूच. राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी २९ जुलै १९८७ रोजी कोलंबोत करार केला. त्यावर लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेची सही नव्हती. ज्यांच्याकडून शस्त्रे खाली ठेवून घ्यायची त्यांनी करार मान्यच केलेला नाही, आणि हमी मात्र भारताने घेतलेली. दुसऱ्याच दिवशी मानवंदनेच्या वेळी श्रीलंकेच्या एका नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. बेटावरच्या सिंहली समाजाचा सूर काय आहे, हे त्या एका क्षणात दिसले. ऑक्टोबरमध्ये जाफन्यासाठी लढाई सुरू झाली. तमिळांच्या रक्षणासाठी गेलेली सेना तमिळ बंडखोरांशी लढू लागली. पुढे अध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी भारतीय सेनेला चले जाव म्हटलेच, शिवाय तिच्याशी लढायला लिट्टेला शस्त्रेही पुरवली. शेवटची तुकडी मार्च १९९० मध्ये निघाली. सुमारे बाराशे जवान गमावून ती मद्रास बंदरात उतरली, तेव्हा स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. या मोहिमेला संयुक्त राष्ट्रांचा ठराव नव्हता, प्रादेशिक संघटनेचा आधारही नव्हता. दोन सरकारांतला एक करार, एवढेच तिचे भांडवल होते. त्यातले एक सरकार बदलले आणि पायाखालची वाळू सरकली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पश्चिम आफ्रिकेत याहून मोठा प्रयोग सुरू झाला. लायबेरियात चार्ल्स टेलरच्या बंडखोरांनी राजधानी मन्‍रोव्हियापर्यंत धडक मारली होती आणि जगाचे लक्ष सद्दाम हुसेनने गिळलेल्या कुवेतकडे होते. पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक संघटनेने, म्हणजे इकोवासने, आपली फौज पाठवली. तिचे नाव इकोमॉग. पैसा, जहाजे आणि बहुतांश सैनिक नायजेरियाचे. तिथले लष्करशहा बाबांगिडा हे लायबेरियाचे अध्यक्ष सॅम्युएल डो यांचे मित्र, त्यामुळे टेलरच्या लेखी ही सेना पहिल्या दिवसापासून शत्रूच होती. फ्रेंच भाषक आयव्हरी कोस्ट आणि बुर्किना फासो टेलरच्या पाठीशी होते. एकाच संघटनेतले देश एकाच युद्धात समोरासमोर!

सप्टेंबर १९९० मधली घटना तर शांतिसेनेच्या इतिहासात दुसरी सापडणार नाही. डो आपल्या लवाजम्यासह इकोमॉगच्या बंदरातल्या मुख्यालयात भेटीला आले असताना प्रिन्स जॉन्सन या दुसऱ्या बंडखोर म्होरक्याच्या टोळीने तिथेच हल्ला केला, त्यांना पकडून नेले आणि ठार मारले. यजमान शांतिसेना बघत राहिली. घानाचे सेनापती गेले, नायजेरियाचे आले, आणि शांतता राखण्याचे काम शांतता लादण्याकडे झुकले. टेलरला रोखण्यासाठी इकोमॉगने त्याच्या विरोधी टोळ्यांशी हातमिळवणी केली. लुटालूटही इतकी झाली की गाडी किंवा हलवता येईल अशी कोणतीही वस्तू गायब करणारी सेना, असा तिच्या नावातल्या इंग्रजी आद्याक्षरांचा विग्रह लोक करू लागले. सुरक्षा परिषदेने या सगळ्याची पाठराखण केली ती १९९२ च्या नोव्हेंबरात, दोन वर्षांनी. निवडणूक झाली १९९७ मध्ये, आणि ज्याला अडवण्यासाठी हा सारा खटाटोप होता तो टेलरच प्रचंड मतांनी जिंकला.

तरीही इकोमॉग नसती तर मन्‍रोव्हियात काय उरले असते, हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. १९९३ मध्ये सोमालियाच्या मोगादिशूत अमेरिकी सैनिक मारले गेले, पुढच्या वर्षी रवांडात लाखोंची कत्तल होताना बड्या देशांनी पाठ फिरवली. लांबचे, निःपक्ष देश येतीलच याची खात्री उरली नाही. ज्याला झळ लागते तोच धावतो. नायजेरिया पुढे सिएरा लिओनमध्येही उतरला आणि १९९८ मध्ये निवडून आलेले अध्यक्ष कब्बा यांना पुन्हा खुर्चीवर बसवले. तेव्हा नायजेरियाच्या राजधानीत, अबुजात, स्वतः सानी अबाचा नावाचा हुकूमशहा राज्य करत होता, हा विरोधाभास त्या काळी अनेकांनी बोलून दाखवला.

क्रम नीट लागला तर काय होते, ते पूर्व तिमोरमध्ये दिसते. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशियापासून वेगळे होण्याचा कौल दिला. इंडोनेशियाच्या लष्कराने पोसलेल्या टोळ्यांनी लगेच जाळपोळ आरंभली. ऑस्ट्रेलिया तयार होता, पण आधी जकार्ताची संमती आली, १५ सप्टेंबरला सुरक्षा परिषदेचा १२६४ क्रमांकाचा ठराव झाला आणि २० तारखेला पीटर कॉसग्रोव्ह यांच्या नेतृत्वाखाली सैन्य तिमोरची राजधानी दिली इथे उतरले. उपसेनापती थायलंडचे होते. गोऱ्या देशाची स्वारी असे चित्र दिसू नये, हा त्यामागचा हिशेब. फेब्रुवारी २००० मध्ये सूत्रे संयुक्त राष्ट्रांकडे गेलीसुद्धा. ऑस्ट्रेलिया काही साधुसंत नव्हता. तिमोरचा कब्जा अधिकृतपणे मान्य करून समुद्रातल्या तेलासाठी त्याने इंडोनेशियाशी १९८९ मध्ये करार केला होता. पण ठराव, संमती आणि लवकर हस्तांतर यांमुळे त्या स्वार्थाला वेसण बसली.

सॉलोमन बेटांवर ऑस्ट्रेलियाने २००३ मध्ये वेगळी वाट धरली. पंतप्रधानांचे निमंत्रण, तिथल्या संसदेने केलेला कायदा, पॅसिफिक देशांच्या मंचाचा पाठिंबा, आणि आघाडीवर सैन्य नव्हे तर पोलीस. काही आठवड्यांत हजारो बंदुका जमा होऊन नष्ट झाल्या. पण मोहीम २०१७ पर्यंत लांबली. त्यात २००६ मध्ये राजधानी होनियाराची चिनी वस्ती जळाली, नंतरच्या पंतप्रधानांशी ऑस्ट्रेलियाचे खटके उडाले. २०२१ मध्ये पुन्हा दंगल, पुन्हा ऑस्ट्रेलियाचे पोलीस आणि सैनिक, आणि २०२२ मध्ये सॉलोमन सरकारने सुरक्षा करार केला तो थेट चीनशी.

हॅमरशोल्ड यांच्या पथ्याचे पुढे काय झाले, हे सोमालियात कळते. डिसेंबर २००६ च्या १७२५ क्रमांकाच्या ठरावात सुरक्षा परिषदेने उचलून धरले होते की सोमालियाला लागून असलेल्या देशांनी शांतिसेनेत सैनिक पाठवू नयेत. त्याच महिन्यात इथिओपियाचे सैन्य स्वतंत्रपणे आत घुसले. आफ्रिकी संघाच्या सेनेत आधी युगांडा आला, ज्याची सीमा लागत नव्हती. पण २०१२ मध्ये केनिया आणि २०१४ मध्ये इथिओपिया त्याच सेनेत सामील झाले. पथ्य मोडले, कारण दुसरे कोणी यायला तयार नव्हते. त्याची किंमत सैनिकांबरोबर घरच्या नागरिकांनीही मोजली. २०१० मध्ये युगांडाच्या कंपालात आणि २०१३ मध्ये केनियातल्या नैरोबीच्या वेस्टगेट मॉलमध्ये सोमालियातल्या अल-शबाब या दहशतवादी संघटनेने हल्ले केले.

सर्वात कमी रक्त सांडले ते गाम्बियात. निवडणूक हरूनही याह्या जामेह खुर्ची सोडेनात, तेव्हा १९ जानेवारी २०१७ रोजी विजयी उमेदवार अदामा बॅरो यांचा शपथविधी सेनेगलची राजधानी डाकारमधल्या गाम्बियन वकिलातीत झाला. त्याच दिवशी सेनेगलच्या नेतृत्वाखालची फौज सीमा ओलांडून आत गेली आणि दोन दिवसांत जामेह देश सोडून गेले. छोटा देश, तिन्ही बाजूंनी सेनेगल, आणि जिंकलेला अध्यक्ष मदत मागायला हजर, अशी सोय दर वेळी नसते. नायजरमध्ये २०२३ च्या जुलैत लष्कराने सत्ता घेतल्यावर इकोवासने बळाची धमकी दिली, पण शेजारच्या माली आणि बुर्किना फासोने नायजरवरचा हल्ला हा आमच्यावरचा हल्ला मानू असे बजावले. फौज निघालीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये हे तिन्ही देश इकोवासमधून अधिकृतपणे बाहेर पडले.