हायपोग्लॉसल धमनी, टिकून राहिलेली

गर्भावस्थेच्या सुरुवातीला जेमतेम आठवडाभर असणारी आणि एरवी लोप पावणारी ही धमनी क्वचित जन्मानंतरही मोठ्या आकाराने टिकून राहते. मानेत अंतर्गत कॅरोटिड धमनीपासून (मेंदूला रक्त नेणारी मानेतील मुख्य धमनी), बहुधा पहिल्या ते तिसऱ्या मानमणक्याच्या पातळीवर, ती निघते, मागे व आतल्या बाजूला वळून वर चढते, हायपोग्लॉसल नलिकेतून (जिभेच्या बाराव्या तंत्रिकेचा कवटीच्या तळातील मार्ग) कवटीत शिरते आणि मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणाऱ्या बॅसिलर धमनीला मिळते. तिचे प्रमाण साधारणतः ०.०२ ते ०.१० टक्के दिले जाते. बहुतेक आकडे रुग्णालयांतील अँजिओग्राफींवरून (रक्तवाहिन्यांच्या चित्रण-तपासण्यांवरून) काढलेले असल्याने ते सर्वसाधारण लोकसंख्येला जसेच्या तसे लावू नयेत.

मराठी शास्त्रीय लेखनात धमनीला ‘रोहिणी’ असेही म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात कंठनाडीच्या दोन्ही बाजूंना मिळून चार धमन्या सांगितल्या आहेत : दोन ‘नीला’ आणि दोन ‘मन्या’. ‘मन्या’ म्हणजेच कॅरोटिड, असे पुष्कळदा मानले जाते. पण ते वर्णन मर्मांच्या संदर्भातले आहे, म्हणून हे समीकरण सैलच ठेवणे बरे.

गर्भ ४ ते ५ मिमी. लांबीचा असताना, म्हणजे चौथ्या आठवड्याच्या अखेरीस, मेंदूच्या मागील भागाकडे रक्त जाते ते कॅरोटिड मार्गाने. पुढे जिची बॅसिलर होते ती तेव्हा दोन समांतर वाहिन्यांच्या रूपात असते. या वाहिन्या आणि कॅरोटिड मार्ग यांना जोडणारे चार सेतू वर्णिले आहेत : ट्रायजेमिनल, ओटिक, हायपोग्लॉसल आणि प्रोॲटलांटल. पश्च संयोजी धमनी (कॅरोटिड आणि मेंदूच्या मागच्या धमन्या यांना जोडणारी) तयार झाली आणि मानेच्या मणक्यांतून व्हर्टिब्रल धमनी वर आली, की हे सेतू आटतात. ओटिक बहुधा सर्वांत आधी जाते, प्रोॲटलांटल सर्वांत शेवटी. प्रौढांत टिकून राहण्यात ट्रायजेमिनलचा पहिला क्रम आणि हायपोग्लॉसलचा दुसरा. ओटिक धमनी प्रौढांत खरोखर आढळते का, याविषयीच काही अभ्यासकांना शंका आहे.

हा क्रम मुख्यतः डॉर्कस पॅजेट यांच्या १९४८ सालच्या अभ्यासावर आधारलेला आहे. त्या मूळच्या वैद्यकीय चित्रकार होत्या. अमेरिकेतील कार्नेगी संग्रहातील मानवी गर्भांच्या पातळ छेदांवरून एकेक वाहिनी जुळवत त्यांनी काढलेल्या आकृत्या आजही या विषयाचा पाया आहेत. प्रौढ मानवातील या धमनीचे पहिले वर्णन मात्र त्याआधीचे, बातुयेफ यांचे १८८९ मधले मानले जाते.

खरा वाद उगमाचा आहे. ली यांच्या १९६८ च्या निकषांनुसार ही धमनी अंतर्गत कॅरोटिडपासूनच निघाली पाहिजे, हायपोग्लॉसल नलिकेतून गेली पाहिजे, आणि अँजिओग्राफीत बॅसिलर धमनी, ही धमनी तिला मिळते त्या जागेच्या पुढेच भरलेली दिसली पाहिजे. त्याच बाजूची पश्च संयोजी धमनी दिसू नये, अशीही अट होती. पुढे पश्च संयोजी धमनीही असलेले रुग्ण आढळले आणि ही अट सैल झाली. काही रुग्णांत तर हायपोग्लॉसल धमनी बाह्य कॅरोटिडपासून किंवा तिच्या आरोही ग्रसनी शाखेपासून (घशालगत वर जाणारी) निघालेली सापडली. फ्रेंच तंत्रिका-किरणतज्ज्ञ लासजोनियास आणि त्यांच्या मताचे अभ्यासक याचा अर्थ असा लावतात, की आरोही ग्रसनी धमनीची याच नलिकेतून जाणारी बारीक मस्तिष्कावरणी (मेंदूच्या आवरणांना जाणारी) शाखा हाच गर्भावस्थेतील हायपोग्लॉसल धमनीचा सर्वसामान्य माणसांत उरलेला अवशेष होय. सर्वसाधारणपणे नलिकेत बाराव्या तंत्रिकेशेजारी अशी शाखा असते, हे लक्षात घेता हा अर्थ पटण्याजोगा आहे. म्हणून उगमापेक्षा नलिकेतील प्रवास हीच ओळखीची मुख्य खूण धरावी. प्रोॲटलांटल धमनीपासून ती वेगळी ठरते तीही याच खुणेवर, कारण प्रोॲटलांटल कवटीचा तळ आणि पहिला मणका यांच्यामधून आडवी येते आणि महारंध्रातून (कवटीच्या तळाच्या मोठ्या छिद्रातून) आत शिरते.

सीटी स्कॅनमध्ये कवटीच्या तळाच्या आडव्या छेदात एका बाजूची नलिका दुसरीपेक्षा ठळक रुंद दिसते आणि तिच्यात कॉन्ट्रास्टने उजळलेला गोल ठिपका असतो. व्हर्टिब्रल धमन्या बहुधा एका किंवा दोन्ही बाजूंना बारीक असतात, कधी नसतातच. म्हणून कॅरोटिडकडे न पाहता फक्त व्हर्टिब्रल पाहिल्या, तर त्या बंद पडल्या आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो.

बहुतेकांत ही धमनी योगायोगानेच कळते. पण तिच्यामुळे मेंदूचा पुढचा भाग आणि मस्तिष्कस्तंभ (मेंदूचा देठ) असे दोन्ही एकाच कॅरोटिडवर अवलंबून राहतात. कॅरोटिड जेथे दोन फाट्यांत विभागते तेथील मेदपट्ट्यातून (धमनीच्या भिंतीत साचलेल्या मेदाच्या थरातून) सुटलेली गुठळी मग मागच्या अभिसरणात जाते, आणि चक्कर, दुहेरी दिसणे, अर्धे दृष्टिक्षेत्र जाणे अशी लक्षणे उमटतात, जी पाहून कॅरोटिडचा संशय सहसा येत नाही. पट्टा काढण्याच्या शस्त्रक्रियेत कॅरोटिडला चिमटा लावताच मस्तिष्कस्तंभाचे रक्तही तुटते, म्हणून अशा रुग्णात तात्पुरती पर्यायी नळी घालण्याकडे कल असतो. स्टेंट घालताना अंतर्गत कॅरोटिडमध्ये वर बसवलेली, गुठळ्या अडवणारी गाळणी खालून फुटणाऱ्या या फाट्याला संरक्षण देत नाही. धमनी बॅसिलरला मिळते तेथे फुगवटा असल्याच्या नोंदी आहेत. बाराव्या तंत्रिकेवर दाब येऊन जीभ एका बाजूला लुळी पडल्याची उदाहरणे तुरळक आहेत.