कूरस (स्कॉटलंड)

फाइफ परगण्यात, फोर्थ खाडीच्या उत्तर काठावर वसलेले जेमतेम ४०० वस्तीचे गाव. स्पेलिंगवरून 'कलरॉस' म्हणावेसे वाटते, उच्चार 'कूरस'. सोळाव्या-सतराव्या शतकांतली घरे, गल्ल्या आणि फरसबंदी इतकी सलग टिकलेली गावे स्कॉटलंडमध्ये फारच थोडी आहेत.

१२१७ साली फाइफचा अर्ल (सरदार) माल्कम याने इथल्या टेकडीवर सिस्टर्सियन या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाचा मठ स्थापला. मठाच्या चर्चचा पूर्वभाग १६३३ पासून गावचे चर्च आहे; बाकीचे बरेचसे अवशेषच उरले आहेत. मठाची कोळशाची खाण पुढे व्यापारी सर जॉर्ज ब्रूसकडे आली आणि गावाचे नशीब पालटले. त्याने किनाऱ्यावरून थेट खाडीच्या तळाखाली बोगदा नेला. खाणीचे दुसरे तोंड ओहोटीला उघड्या पडणाऱ्या जागी होते. त्याभोवती दगडी गोल भिंत बांधल्याने भरतीत ते बेटच होई आणि जहाजांना भिंतीला लागून कोळसा भरता येई. पाणी उपसायला घोड्यांनी फिरवायचे ३६ पोहऱ्यांचे राहाटगाडगे होते. १६२५ च्या वादळात भिंत फुटली, खाण बुडाली. त्याच वर्षी ब्रूसही वारला.

कोळशाचा न खपणारा चुरा मिठाच्या कढयांखाली जाळत. समुद्राचे १०० लिटर पाणी आटवले की मीठ जेमतेम ३ किलो, म्हणून मिठाचे काम खाणीलगतच परवडे. पाण्यात बैलाचे रक्त घालत. ते तापून साकळताना गाळ धरून वर येई आणि ती साय काढून टाकत.

तिसरा धंदा 'गर्डल'चा. हा आपल्या तव्याचाच भाऊ: घडीव लोखंडाची सपाट गोल थाळी, वर कमानीसारखी कडी, चुलीवर टांगून ओटच्या भाकऱ्या भाजायला. १५९९ मध्ये कूरसच्या लोहारांना त्याचा राजमान्य मक्ता मिळाला. अठराव्या शतकात कॅरनच्या लोखंडाच्या कारखान्यातले ओतीव, स्वस्त तवे आले आणि हा धंदा बसला.

ब्रूसचा 'पॅलेस' हा खरे तर धनिक व्यापाऱ्याचा वाडा. बांधकाम १५९७ ते १६११. आतले पाइनचे लाकूड बाल्टिक किनाऱ्याचे, छतांवर रंगीत चित्रे. खिडक्यांत वर काच आणि खाली लाकडी झडपा आहेत, कारण काच महाग होती. गावातली लाल नागमोडी कौले मूळची नेदरलँड्सकडची. कोळसा-मीठ उतरवून परतणाऱ्या जहाजांत ती नीरम (जहाज डळमळू नये म्हणून तळाशी भरायचे वजन) म्हणून येत. घरांच्या त्रिकोणी बाजूभिंतींचे माथे पायऱ्यापायऱ्यांचे असतात.

भिंती ओबडधोबड दगडांच्या, वर चुना आणि बारीक खडीचा फेकून मारलेला गिलावा, त्यावर चुन्याची सफेदी किंवा पिवळी माती मिसळलेला रंग. हा गिलावा पाऊस शोषतो आणि वाऱ्यावर सुकतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते. मऊ वालुकाश्म थंडीत फुटून पापुद्रे सुटतात आणि तुळयांची टोके कुजतात. दुरुस्ती चुन्यातच करावी, आणि दंवाचे दिवस टाळून.

चढत्या गल्ल्यांत मधली दगडांची रांग किंचित उंच आहे. तिथे प्रतिष्ठितांनी चालायचे, इतरांनी कडेच्या गटाराजवळून. नगरगृह १६२६ चे, त्याचा मनोरा १७८३ चा. तळमजल्यावर तुरुंग होता आणि चेटकीण ठरवलेल्या बायांना माळ्यावर कोंडत.

धंदे बुडाल्यावर जुने पाडून नवे बांधायला कुणाकडे पैसा उरला नाही. घरे टिकली ती मुख्यतः त्यामुळे. १९३२ मध्ये 'नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड' या वारसा जपणाऱ्या संस्थेने पॅलेस अवघ्या ७०० पौंडांना विकत घेतला आणि पुढे गावातली लहान घरेही एकेक करून दुरुस्त केली. त्यांतल्या बऱ्याच घरांत आजही कुटुंबे राहतात.