उपाशी पेशी आणि लयकारिका: शोधाचा मागोवा

शाळेच्या पुस्तकात लयकारिका, म्हणजेच लायसोसोम, 'आत्मघाती पिशवी' म्हणून भेटते. या नावामुळे तिची खरी करामत झाकली गेली. पेशीला खायला मिळते आहे की नाही, याप्रमाणे ती आपले काम कमीजास्त करते.

भुकेचा धागा मात्र सुरुवातीपासूनच होता. १९४९ मध्ये बेल्जियममधल्या लूव्हें इथे ख्रिस्तियाँ द ड्यूव्ह इन्सुलिनसाठी उंदराचे यकृत तपासत होते. ॲसिड फॉस्फेटेज या विकराची क्रिया ताज्या नमुन्यात अपेक्षेच्या जेमतेम एक दशांश भरली. तोच नमुना पाच दिवस फ्रीजमध्ये राहिल्यावर ती भरपूर वाढली. विकर पटलाआड कोंडलेले होते! १९५५ मध्ये या पिशवीला लायसोसोम नाव मिळाले. १९६७ मध्ये डीटर आणि द ड्यूव्ह यांनी उंदरांना ग्लुकॅगॉन हे उपाशीपोटी वाढणारे संप्रेरक टोचले, तेव्हा यकृतपेशी स्वतःचेच भाग पचवू लागल्या.

पण पेशीला भूक कळते कशी? उत्तराची वाट ईस्टर बेटाच्या मातीतून गेली. १९६४ मध्ये तिथून आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून सुरेन सहगल आणि सहकाऱ्यांनी रॅपामायसिन हे औषध वेगळे केले. त्याचे लक्ष्य असलेले 'टॉर' हे जनुक १९९१ मध्ये यीस्टमध्ये सापडले. २००८ ते २०१० या काळात कळले, की अमिनो आम्ले मिळाली की रॅग प्रथिने एमटॉर संकुलाला (टॉरचे सस्तन प्राण्यांतले रूप, पेशीच्या वाढीची कळ) थेट लायसोसोमच्या पृष्ठभागावर आणून बसवतात. पचन चालते तिथेच पुरवठ्याचा अंदाज घेतला जातो, हे मला या इतिहासातले सर्वांत सुंदर वळण वाटते.

दुसरा दुवा इटलीतला. २००९ मध्ये बल्लाबिओ यांच्या गटाने दाखवले, की लायसोसोमची अनेक जनुके टीएफईबी हे एकच प्रथिन एकत्र चालू करते. २०१२ मध्ये दोन्ही दुवे जुळले. पोट भरलेले असताना एमटॉर टीएफईबीच्या साखळीतल्या २११व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढवतो, मग १४-३-३ प्रथिने त्याला पेशीद्रव्यातच अडकवून ठेवतात. उपासात फॉस्फेट उतरते, टीएफईबी केंद्रकात शिरते आणि नवे लायसोसोम घडू लागतात. उपास लांबला, की पचनातून सुटलेली अमिनो आम्ले एमटॉरला पुन्हा जागे करतात. फुगलेल्या लायसोसोमांतून मग नळ्या फुटतात आणि त्यांचेच नवे लायसोसोम होतात.

प्रयोगात घोटाळा होतो तो बहुधा 'उपास' या शब्दावरून. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींच्या माध्यमातून नुसते सीरम (रक्ताचा पेशीविरहित द्रव) काढले तर वृद्धिघटक जातात, पण माध्यमातली अमिनो आम्ले तशीच राहतात आणि टीएफईबी फारसे हलत नाही. अमिनो आम्ले काढून साधे सीरम ठेवले, तर सीरममधूनच ती परत येतात. म्हणून डायलिसिस केलेले, म्हणजे लहान रेणू गाळून काढलेले, सीरम घ्यावे लागते. नेहमीचा क्रम ५० मिनिटे उपास, मग १० मिनिटे अमिनो आम्ले असा असतो. एमटॉर रोखायला केवळ रॅपामायसिन वापरले, तर टीएफईबीवरचे फॉस्फेट बरेचसे टिकते. तिथे एमटॉरला अधिक पूर्णपणे रोखणारे टोरिन हे रसायन लागते.