आत्म्यांची पारख (ख्रिस्ती साधना)

मनात उठलेली प्रेरणा, पडलेला दृष्टान्त किंवा लागलेली ओढ देवाकडून आहे, स्वतःच्या स्वभावातून उपजली आहे की दुष्ट आत्म्याची फूस आहे, हे प्रार्थनेने आणि अनुभवाने ओळखण्याची ख्रिस्ती साधना. मूळ ग्रीक संज्ञा ‘दियाक्रिसिस’, लॅटिन ‘दिस्क्रेतिओ’. मराठीत ‘विवेक’ हा प्रतिशब्द जवळचा वाटतो. पण त्यामागे वेदान्तातील नित्यानित्यविवेक उभा असल्याने ही साधना निव्वळ बुद्धीची वाटू लागते. ‘विवेचन’ म्हटले तर वाचक स्पष्टीकरण समजतो. प्रस्तुत नोंदीत ‘पारख’ हा शब्द घेतला आहे.

संज्ञेचा उगम प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, पवित्र आत्म्याच्या दानांच्या यादीत (12:10) आहे. तेथील ‘आत्मे’ या अनेकवचनाचा अर्थ वादग्रस्त आहे. एका मतानुसार ते देवदूत व भुते. दुसऱ्या मतानुसार हे दान यादीत संदेशदानाच्या (देवाचा संदेश बोलून दाखवण्याच्या दानाच्या) लगेच पुढे येते, आणि त्याच पत्रात (14:29) संदेष्टे बोलल्यावर इतरांनी निर्णय करावा असे सांगताना त्याच धातूचे क्रियापद वापरले आहे. म्हणून येथे मुख्यतः बोललेल्या संदेशाची छाननी अभिप्रेत असावी. बायबलचे अभ्यासक गेरहार्ड डाउट्सेनबेर्ग यांनी ‘संदेशाचा अर्थ लावणे’ असा तिसरा अर्थ सुचवला. त्याला फारसा पाठिंबा मिळालेला नाही. दुसरे मत संदर्भाला अधिक धरून आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात (4:1) मात्र क्रियापद वेगळे आहे, ‘दोकिमाझेइन’. ते धातूचा वा नाण्याचा कस पाहण्यासाठीही वापरले जाई. ‘कुशल सराफ व्हा’ हे शुभवर्तमानांत नसलेले, पण प्राचीन लेखकांनी येशूच्या नावावर उद्धृत केलेले वचन याच अर्थाचे आहे. इ. स. पाचव्या शतकाच्या आरंभी योहान कासियन यांनी वाळवंटातील मठवासीयांची शिकवण नोंदवताना हीच उपमा विस्ताराने मांडली: नाणे सोन्याचे आहे का, छाप खऱ्या राजाची आहे का, वजन पुरते आहे का. मराठी मुलखात हे काम पोतदाराचे. अनेक राजवटींची नाणी हाताळणाऱ्या कोकणातल्या बंदरांना ही उपमा वेगळी समजावून सांगण्याची गरज नसावी.

‘दिदाखे’ या आद्य ख्रिस्ती मंडळ्यांच्या आचारग्रंथातील कसोट्या अधिक व्यवहारी आहेत. तो सामान्यतः पहिल्या शतकाच्या अखेरीचा किंवा दुसऱ्याच्या आरंभीचा मानतात. फिरता प्रेषित तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवीत नसेल किंवा पैसे मागत असेल, तर तो खोटा.

सध्या प्रचलित असलेली पद्धत प्रामुख्याने येशूसंघाचे (जेझुइट संघाचे) संस्थापक इग्नाती लोयोला (1491–1556) यांची. स्पेनमधील पांप्लोना येथे 1521 मध्ये लढाईत जखमी होऊन अंथरुणाला खिळले असता त्यांच्या लक्षात आले, की शौर्याची व दरबारी प्रेमाची स्वप्ने रंगवताना मजा येते, पण मागाहून मन कोरडे पडते. संतांच्या मार्गाचा विचार केल्यावर मात्र आनंद टिकतो. मागाहून उरणाऱ्या या चवीवर त्यांचे नियम उभे आहेत. 1548 मध्ये पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तिकेत असे 14 आणि 8 नियम दोन गटांत दिले आहेत. पहिल्या गटात मनाच्या सांत्वन व शुष्कता या दोन अवस्था सांगून शुष्कतेच्या काळात आधीचा निर्णय बदलू नये, असे बजावले आहे. शत्रू किल्ल्याची कमकुवत बाजू हेरून तेथूनच हल्ला करतो, ही उपमाही तेथलीच. दुसरा गट साधनेत पुढे गेलेल्यांसाठी आहे: येथे वाईट आत्मा देवदूताचे रूप घेतो, म्हणून विचाराचा आरंभ, मध्य आणि शेवट तिन्ही तपासायचे.

कोकण किनाऱ्यावर ही परंपरा फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबर 1542 मध्ये गोव्यात उतरली. त्यांनी ही साधना स्वतः इग्नातींच्या मार्गदर्शनाखाली केली होती. वसईतही पोर्तुगीज अंमलात (1534–1739) येशूसंघीयांचे कार्य होते. परंतु सामान्य श्रद्धावंतांपर्यंत त्यातले कितपत पोचले, हे संदिग्धच. बहुतांश शिकवण धर्मप्रश्नोत्तरे व कुमसार (पापनिवेदन) यांतूनच झाली असावी. इंग्रज येशूसंघीय थॉमस स्टीफन्स यांचे 1616 मध्ये गोव्यातील रायतूर येथे छापलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीबद्ध बायबलकथा सांगते; पारखीचे नियम हा त्याचा विषय नव्हे.

येथे शब्दाचा एक पेच उल्लेखनीय आहे. गोव्यात व लगतच्या दक्षिण कोकणात हिंदू ‘देवचार’ म्हणतात तो गावाच्या सीमेचा राखणदार, ज्याला नारळ-विडी ठेवतात. कोकणी ख्रिस्ती भाषेत तोच शब्द सैतानासाठी स्थिरावला. आत्म्यांची वर्गवारी कोणी आणि कशी केली, हे त्यातून दिसते.

दक्षिण कोकणातील कौल लावण्याच्या प्रथेशी पारखीची गल्लत होऊ नये. कौलात देवाच्या मूर्तीला फुले वा कळ्या लावतात आणि उजवी पडली की होकार, असे धरतात. उत्तर बाहेरून मिळते. चर्च शकुन-भविष्य नाकारते. तथापि प्रेषितांनीही यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकूनच केली होती (प्रेषितांची कृत्ये 1:26). पवित्र आत्मा उतरल्यानंतरच्या प्रकरणांत तो उपाय पुन्हा दिसत नाही.

प्रॉटेस्टंटांत नियमांपेक्षा वचन, प्रार्थना व मंडळीचा सल्ला यांवर भर असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेले ना. वा. टिळक यांना 1893 मध्ये रेल्वेत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार देऊन ‘दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल’ असे सांगितले होते. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकिताचीच गोष्ट अधिक सांगितली जाते. पारखीच्या दृष्टीने मधल्या दोन वर्षांतले वाचन आणि मनाची उलघाल अधिक महत्त्वाची.

आज बांद्रा-वसईपासून गोव्यापर्यंत रिट्रीटमध्ये ही पद्धत शिकवली जाते. मौन, दिवसाअखेरीचे आत्मपरीक्षण आणि मार्गदर्शकाशी संभाषण ही तिची अंगे. पोप फ्रान्सिस यांनी 31 ऑगस्ट 2022 ते 4 जानेवारी 2023 या काळात याच विषयावर 14 प्रबोधने दिली.