टक खांद्यावर नेला तर मोठा का झाला?

जळगावला कॉम्प्युटरवर पॅटर्न मेकिंग, म्हणजे कपडा बेतायचे आराखडे काढणं, शिकायचा क्लास लावला आणि तिसऱ्याच दिवशी अडले. ब्लाउजच्या पुढच्या भागात कंबरेकडून एक टक (शिवून घेतलेली निमुळती घडी) होता, टोकापर्यंत 4 इंच लांब, तोंडाशी दीड इंच रुंद. हाच टक खांद्यावर फिरवायचा होता. टूल घेतलं, छातीचा पॉइंट धरला, फिरवला, मोजलं तर तोंडाशी 3 इंच! अनडू करून चार वेळा केलं, दरवेळी 3 इंचच.

घरी आल्यावर पारोळ्याच्या मावशीला फोन केला, ती किती वर्षांपासून ब्लाउज शिवतेय. ती म्हणाली, खांद्यात टक घेतला की जास्तच घ्यावा लागतो, त्यात काय. तिच्या हाताला माहीत होतं, पण त्यामागचं कारण मला दुसऱ्या दिवशी स्क्रीनवर कळलं. टक म्हणजे इंच नाहीच, टक म्हणजे कोन. माझा टक साधारण 21 अंशांचा होता, आणि छातीच्या टोकापासून खांदा 8 इंचांवर, म्हणजे दुप्पट लांब, म्हणून तोंडही दुप्पट. कोन तोच राहिला, त्यामुळे फिटिंगही तेच राहतं. टक कुठेही न्या, काखेत न्या, गळ्यात न्या, पुढच्या भागाचे उभे दोन तुकडे करून प्रिन्सेस कट करा, टोकाभोवतीचा कोन बदलला नाही की उभार बदलत नाही.

पण टक लागतोच कशाला? आपल्याकडे मांडे करतात ते आठवा. कणीक हातावर वाढवत वाढवत मोठी करायची आणि उपड्या खापरावर टाकायची, एक सुरकुती पडत नाही, कारण ओली कणीक पाहिजे तिथे ताणली जाते. तेच खापर कागदाने झाकून बघा, घड्या पडणारच. न ताणता, न फाडता सपाट पृष्ठभागाचा घुमट होत नाही, हे गाउस या गणितज्ञाने 1827 मध्ये सिद्ध केलं. मग शिंपी काय करतो, ती पडणारी घडी एका जागी गोळा करून शिवून टाकतो, तोच टक. कागदाच्या गोलातून 21 अंशांची फोड कापून कडा चिकटवल्या तर जो शंकू होतो त्याचा उतार सुमारे 20 अंश येतो, म्हणजे 4 इंच त्रिज्येच्या गोलाला सुमारे 1.35 इंच उंची. एवढ्याशा फोडीतून एवढी उंची येते हे मी कागद कापून बघितलं तेव्हाच पटलं, तुम्हीही कापून बघा. कटोरी ब्लाउजमध्ये (छातीवर वाटीसारखा वेगळा तुकडा जोडतात तो) तर हाच हिशोब जोडाच्या गोल शिलाईत लपवलेला असतो.

कापड मात्र कागदापेक्षा थोडं मऊ वागतं. उभ्या-आडव्या धाग्याने ओढलं तर फारसं हलत नाही, उरेब, म्हणजे तिरपं, ओढलं की लांबतं, कारण धागे ताणले जात नाहीत, त्यांच्यातला कोन बदलतो. चेबिशेव या रशियन गणितज्ञाने 1878 मध्ये पॅरिसला कपडे बेतण्यावरच व्याख्यान दिलं होतं, आणि त्यात कापड हे असंच धरलं होतं, न ताणणाऱ्या धाग्यांची जाळी, फक्त चौकोन तिरपे होऊ शकतात अशी. एवढा मोठा माणूस आपल्या मावशीच्या कामावर विचार करत बसला होता हे वाचून मला फार बरं वाटलं.

मुंढ्याचं, म्हणजे बाही जोडतात त्या कडेचं, वळण सॉफ्टवेअरमध्ये बेझिए कर्व्हने काढतात. 1960 च्या दशकात रेनॉ कंपनीत गाड्यांच्या पत्र्यांची वळणं काढायला बेझिए या इंजिनिअरने ती वापरात आणली, दोन टोकं आणि दोन हँडल, हँडल ओढलं की वळण बदलतं. खरा फायदा लांबी मोजण्यात. कागदावर टेप उभी धरून मुंढा मोजायचा, हात हलला की पाव इंच गेला. इथे वळणाचे बारीक तुकडे करून बेरीज लगेच मिळते, आणि बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा किती जास्त आहे ते शिवायच्या आधीच दिसतं. मापं फॉर्म्युल्याने बांधली असतील तर छाती 34 ची 36 केली की अख्खा ड्राफ्ट स्वतःच सरकतो.

एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. ए-फोरवर प्रिंट काढताना ‘फिट टू पेज’ राहून गेलं, कागद 97 टक्क्यांवर आला, 36 ची छाती 35 च्याही आत गेली आणि अस्तराचं कापड वाया गेलं. आता आधी ड्राफ्टसोबत छापलेला, माप माहीत असलेला चाचणीचा चौकोन टेपने मोजते, मग कात्री लावते.

परवा मावशीला थ्रीडीतला ब्लाउज दाखवला. “हाई काय शे व माय?” म्हणत तिने स्क्रीन जवळ घेतली. मी सांगितलं की यात कापड म्हणजे बारीक त्रिकोणांची जाळी, कुठल्या दिशेला किती ताणतं, किती वाकतं, वजन किती, हे आकडे आपणच भरायचे. तिने मशीनवरचा कपडा उचलला, दोन्ही हातांनी उरेब ओढला आणि विचारलं, याचा आकडा किती भरशील? आता आम्ही दोघी तेच मोजायला बसलोय, पट्टी, वजनाला एक कुलूप आणि तिच्याकडची सहा कापडं घेऊन.