कुत्र्यांचा घरगुती आहार

कुत्र्यांचा घरगुती आहार : पाळीव कुत्र्यासाठी घरच्या स्वयंपाकघरात मुद्दाम शिजवलेले अन्न. ताटातले उरलेसुरले कुत्र्यापुढे सरकवणे यात धरत नाहीत. ठाणे आणि नवी मुंबईच्या सोसायट्यांमध्ये या आहाराचे सर्वांत रूढ रूप म्हणजे हळद टाकून कुकरला लावलेला चिकन-भात. तो पचायला हलका असतो, कुत्रा भांडे चाटूनपुसून लख्ख करतो आणि घरच्यांना समाधान मिळते. मात्र चिकन-भातात कॅल्शियम जवळजवळ नसतेच. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वेही तुटपुंजी असतात. प्रौढ कुत्र्यात महिना-दोन महिने काही दिसत नाही. वर्ष-दोन वर्षांनी केस निस्तेज होतात, त्वचेला खपल्या धरतात. पिल्लू असेल तर त्याच्या कितीतरी आधीच पाय वाकतात. प्रथिनांची काळजी वाहणारे पालक पुष्कळ भेटतात, कॅल्शियमचा हिशोब करणारे क्वचितच. या नोंदीत म्हणूनच त्या हिशोबाला जास्त जागा दिली आहे.

पूर्वपीठिका : तयार खाद्याची सुरुवात लंडनमध्ये १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट याने विकायला काढलेल्या कुत्र्यांच्या बिस्किटांपासून झाली असे मानतात. त्याआधी जगभरचे कुत्रे घरचेच खात. ठाण्याचा चेंदणी कोळीवाडा किंवा बेलापूरजवळचे दिवाळे यांसारख्या आगरी-कोळी वस्त्यांत तांदळाची भाकरी, पेज आणि मासळीची डोकी-शेपट्या हेच त्यांचे जेवण. कुत्रा दिवसभर मोकळा असे आणि ताटात जे कमी पडे त्यातले बरेचसे बाहेर हुंगून मिळवी. घोडबंदर रोडवरच्या किंवा खारघरच्या बाराव्या मजल्यावर राहणाऱ्या लॅब्रॅडॉरला ती सोय नाही. वाटीत पडेल तेवढेच त्याच्या पोटात जाणार.

कुत्र्याला भात-भाकरी पचते का, हा वाद अधूनमधून निघतो. पचते. २०१३ साली स्वीडनमधील संशोधकांच्या गटाने दाखवून दिले, की पिष्ट पचवणारे अमायलेज विकर बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. माणसाच्या वस्तीजवळ राहण्याचा हा परिणाम. धान्य नीट शिजलेले मात्र हवे. फडफडीत भातापेक्षा गुरगुट्या भात बरा.

किती द्यावे : विश्रांत अवस्थेतली ऊर्जेची गरज काढण्यासाठी किलोतल्या वजनाचा ०.७५ घात घेऊन त्याला ७० ने गुणतात. १० किलोच्या कुत्र्यासाठी हा आकडा सुमारे ३९४ किलोकॅलरी येतो. नसबंदी झालेल्या, बेताची धावपळ करणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याच्या १.४ ते १.६ पट, म्हणजे साधारण ५५० ते ६३० किलोकॅलरी धरतात. पुढचा निर्णय कुत्र्याच्या अंगावर हात फिरवून घ्यायचा: बरगड्या सहज हाताला लागाव्यात, पण नजरेत भरू नयेत. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत त्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांना या जातीच्या जवळपास चौथाई कुत्र्यांत भूक भागल्याची जाणीव मंदावणारा जनुकीय बदल आढळला. अशा कुत्र्याची भूक खरीच असते, पण त्याला तेवढ्या अन्नाची गरज नसते.

एका दिवसाचे पातेले : १० किलोच्या निरोगी प्रौढ देशी कुत्र्यासाठी हिशोब असा मांडता येतो. बिनहाडांचे, बिनचामडीचे चिकन २०० ग्रॅम. तांदूळ ७० ग्रॅम. लाल भोपळा आणि फरसबी मिळून १०० ग्रॅम. कोंबडीची कलेजी १५ ग्रॅम. तेल एक चहाचा चमचा. मांस, तांदूळ आणि भाजी नेहमीपेक्षा जास्त पाणी घालून कुकरला लावायचे. शेवटच्या पाच मिनिटांत कलेजी टाकायची आणि भाजी डावाने घोटायची, कारण कुत्रा चावत बसत नाही आणि फरसबीचे तुकडे जसेच्या तसे बाहेर पडतात. तेल गॅस बंद केल्यावर घालायचे. हे सगळे मिळून सुमारे ५८० किलोकॅलरी भरतात. दोन वेळांत विभागून द्यावे.

तेल कोणते, हाही प्रश्न क्षुल्लक नाही. कुत्र्याच्या त्वचेला लिनोलेइक आम्ल हे स्निग्धाम्ल लागते. ते करडई आणि सूर्यफुलाच्या तेलात भरपूर, शेंगदाण्याच्या तेलात मध्यम आणि खोबरेल तेलात नावालाच असते. केस चमकावेत म्हणून चमचा-चमचा खोबरेल देणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे. कलेजीत अ जीवनसत्त्व आणि तांबे असते, म्हणून ती हवी. पण चिकनवाल्याकडे कलेजी-पेटा स्वस्त मिळतो म्हणून रोज वाटीभर कलेजी घातली, तर अ जीवनसत्त्वाचाच अतिरेक होतो.

कॅल्शियम : वरच्या पातेल्यात फॉस्फरस अर्ध्या ग्रॅमच्या वर भरतो आणि कॅल्शियम ०.१ ग्रॅमही नाही. प्रौढ कुत्र्याच्या अन्नात कॅल्शियम निदान फॉस्फरसइतके, आणि जास्तीत जास्त दुप्पट असावे लागते. या कुत्र्याला दिवसाला ०.६ ते ०.७ ग्रॅम कॅल्शियम हवे. ते अन्नातून मिळाले नाही, तर रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून घेते. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लांची हाडे किरकोळ उडीनेही मोडतात ती यामुळेच.

ही तूट भरण्याचे जे घरगुती उपाय सांगितले जातात, त्यांतले बहुतेक हिशोबात टिकत नाहीत. पायांचे सूप तासन्तास उकळले, तरी हाडातले कॅल्शियम पाण्यात फारच थोडे उतरते. वर थिजते ते जिलेटिन. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, धान्यांत हे उत्तमच, परंतु ०.६ ग्रॅम मिळवायला १७० ग्रॅम नाचणी लागेल, म्हणजे दिवसाच्या सगळ्या कॅलरी नाचणीतच संपल्या. दूध अर्धा लिटर लागेल, आणि लॅक्टोज न पचणाऱ्या प्रौढ कुत्र्याला त्याने जुलाब होतील.

टिकतो तो उपाय अंड्याच्या कवचाचा. कवच म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट, त्यात वजनाच्या सुमारे ३८ टक्के कॅल्शियम. कवचे धुऊन दहा मिनिटे उकळायची, वाळवायची, तव्यावर कोरडी भाजायची आणि मिक्सरला मैद्यासारखी बारीक करून चाळून घ्यायची. बोटांत चोळल्यावर कचकच लागत असेल तर परत फिरवायची. वरच्या पातेल्याला दीड ते पावणेदोन ग्रॅम पूड पुरते, म्हणजे साधारण पाव चहाचा चमचा. चमचा-चमचा घालून उपयोग नाही. जादा कॅल्शियमने जस्ताचे शोषण अडते, आणि या पातेल्यात जस्त आधीच गरजेच्या निम्म्याहून कमी असते.

उरलेल्या उणिवा : ड जीवनसत्त्व कुत्र्याला अन्नातूनच मिळवावे लागते; उन्हात लोळून ते त्याच्या त्वचेत पुरेसे तयार होत नाही. या बाबतीत खाडीकाठच्या शहरांची सोय चांगली आहे. बांगडा आणि तारली या तेलकट मासळीत ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ दोन्ही असतात. आठवड्यातून दोनदा मांसाऐवजी उकडलेली, काटे काढलेली मासळी द्यावी. सुकट-बोंबील नको, त्यातल्या मिठामुळे. जस्त आणि आयोडीनसाठी घरच्या अन्नात मिसळायलाच बनवलेली खनिज-जीवनसत्त्वांची पूड पशुवैद्याकडून ठरवून घ्यावी लागते. भूक वाढवणाऱ्या टॉनिकच्या बाटलीने हे काम होत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये पुस्तके आणि संकेतस्थळांवरच्या २०० पाककृती तपासल्या, तेव्हा ९५ टक्के पाककृतींत निदान एक आवश्यक घटक कमी निघाला. त्यातल्या बऱ्याच पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या.

शाकाहारी घरे : कुत्रा मांजरासारखा निव्वळ मांसभक्षक नाही, मांसाविना तो जगू शकतो, मात्र हिशोब जास्त काटेकोर लागतो. अंडे चालत असेल तर काम बरेच सोपे होते. अंडे उकडूनच द्यावे, कारण कच्च्या पांढऱ्यातले अ‍ॅव्हिडिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवते. अंडेही चालत नसेल तर पनीर, दही आणि भिजवून पिळलेल्या सोयाच्या वड्या यांवर भिस्त राहते. वरण-भातावर कुत्रा ठेवणे म्हणजे मेथिओनिन या प्रथिनघटकाची उपासमार. डाळी-वाटाण्यांवर आधारलेल्या धान्यरहित खाद्यांचा हृदयाच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने २०१८ मध्ये जाहीर केली होती. कार्यकारण सिद्ध करण्याइतकी माहिती नाही, असे त्याने २०२२ मध्ये सांगितले.

विषारी आणि अपायकारक पदार्थ : मराठी स्वयंपाकात सगळ्यात मोठा धोका वाटणाचा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि शिजवल्याने, तळल्याने किंवा सुकवल्याने हा दोष जात नाही. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी विषबाधा होऊ शकते: १० किलोच्या कुत्र्याला ५० ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. लक्षणे दोन-चार दिवसांनी दिसतात, तोवर रविवारचा रस्सा घरात कोणाला आठवतही नसतो. हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा लघवी काळपट-तांबूस झाली तर थांबू नये. मटणाचे तुकडे पाण्याने धुऊन दिले तरी मसाला आत मुरलेला असतो. कुत्र्याचे मांस वाटण घालण्याआधीच वेगळे काढावे.

द्राक्षे आणि बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात, आणि सुरक्षित म्हणावी अशी मात्रा सांगता येत नाही. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा त्यामुळे दुहेरी वाईट: बेदाणे आहेतच, वर तूप. एकदम जास्त तूप-चरबी पोटात गेल्यास स्वादुपिंडाला सूज येते. चॉकलेट, चहा-कॉफी, दारू आणि साखरमुक्त च्युइंगममधले झायलिटॉल हेही याच यादीत. शिजलेल्या हाडांच्या धारदार चिरफळ्या होतात. नळीचे गोल कडे तर खालच्या जबड्यात अडकते आणि ते दवाखान्यात कापूनच काढावे लागते. आंब्याच्या दिवसांत कोय गिळून आतडे तुंबलेला कुत्रा पशुवैद्यांना नवा नाही. बाठ्याची बादली उंचावर ठेवावी.

समजुती : ‘मीठ दिले की केस गळतात’ ही समजूत ठाण्यात जितकी ठाम तितकीच पनवेलात. कुत्र्याला सोडियम लागते, आणि निरोगी कुत्र्याला चिमूटभर मिठाने काही होत नाही. केस गळतात त्यामागे अनेकदा जस्त किंवा स्निग्धांश कमी असतो, नाहीतर गोचीड-पिसवा असतात. गोड खाऊन जंत होत नाहीत, ते जंतांची अंडी पोटात गेल्याने होतात. कच्चे मांस खाऊन कुत्रा पिसाळत नाही. रेबीज हा विषाणूचा आजार आहे. कच्चे मांस टाळायचे ते साल्मोनेलासारख्या जिवाणूंमुळे, आणि घरात लहान मूल किंवा आजी-आजोबा असतील तर कटाक्षाने.

पिल्ले आणि आजारी कुत्री : वरचे पातेले यांच्यासाठी नाही. मोठ्या जातीच्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडले तरी सांधे-हाडे बिघडतात आणि जास्त झाले तरी. मूत्रपिंडाच्या विकारात फॉस्फरस कमी करावा लागतो. डाल्मेशियनला युरिक आम्लाच्या खड्यांमुळे कलेजी चालत नाही. अशा वेळी पशुवैद्याकडूनच आहार लिहून घ्यावा. रक्त-लघवीच्या तपासण्या आणि दुसऱ्या मतासाठी ठाण्याचे लोक अजूनही परळ गाठतात, जिथे १८८३ पासूनचे बाई साकरबाई रुग्णालय आणि १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तयार खाद्यावरून घरच्या अन्नावर येताना सात ते दहा दिवस हळूहळू प्रमाण बदलावे.

साठवण : शिजवलेले अन्न फ्रिजमध्ये तीन दिवस, त्याहून जास्त ठेवायचे तर रोजच्या वाटणीचे डबे करून फ्रीजरमध्ये. पावसाळ्यात इथली हवा इतकी दमट असते, की भाकरीला दुसऱ्याच दिवशी बुरशी धरते. ‘माणसाला नको, कुत्र्याला चालेल’ म्हणून अशी भाकरी किंवा वास लागलेले शेंगदाणे देऊ नयेत. बुरशीतली अफ्लाटॉक्सिने ही विषे यकृत जाळतात आणि ती शिजवून नष्ट होत नाहीत.

वस्तीतले कुत्रे : गेटबाहेरच्या कुत्र्यांसाठी मोठ्या पातेल्यात भात आणि चिकनचे पंजे-मुंड्या शिजवणारी मंडळी दोन्ही शहरांत आहेत. ग्लुकोजच्या बिस्किटांपेक्षा हे कितीतरी बरे, फक्त शिजलेली हाडे सोडवून काढायला हवीत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार अशा कुत्र्यांना खाऊ घालण्याची जागा मुलांचे खेळणे, जिने आणि वर्दळीच्या वाटांपासून दूर ठरवायची असते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात रस्त्यावर कुठेही खाऊ घालण्यास मनाई करून प्रभागवार जागा नेमण्यास सांगितले. सोसायटीतली निम्मी भांडणे कुत्र्यांपेक्षा मागे पडून राहिलेल्या भातावरून होतात, आणि त्यात तथ्य आहे: त्या भातावर घुशी येतात, आणि त्यांच्या लघवीतून पावसाच्या साचलेल्या पाण्यात लेप्टोस्पायरोसिस पसरतो, तो माणसांनाही होतो आणि कुत्र्यांनाही.